बोल्ट, झडपा आणि हरवलेला भाजक

२०१९ साली अवघ्या तीन आठवड्यांत हायड्रोजनच्या दुनियेला तीन हादरे बसले. २३ मे रोजी दक्षिण कोरियातल्या गांगनुंग शहरात एका प्रायोगिक प्रकल्पातल्या हायड्रोजनच्या टाक्या फुटल्या. दोघांचा जीव गेला, सहा जण जखमी झाले. १ जूनला कॅलिफोर्नियातल्या सांता क्लारा इथे ट्रेलरमध्ये हायड्रोजन भरताना गळती होऊन आग लागली. तिथे जीवितहानी झाली नाही, पण त्या भागातल्या पंपांचा पुरवठाच आटला आणि हायड्रोजनवर चालणाऱ्या मोटारींचे मालक इंधनासाठी वणवण करत राहिले. १० जूनला नॉर्वेत, ऑस्लोजवळच्या सँडविका इथल्या पंपावर स्फोट झाला. त्याचा दणका एवढा होता की जवळून जाणाऱ्या गाड्यांच्या एअरबॅग उघडल्या. टोयोटा आणि ह्युंदाईनं नॉर्वेतली हायड्रोजन गाड्यांची विक्री काही काळ थांबवली.

असं काही घडलं की हिंडेनबर्ग या जर्मन हवाई जहाजाचं जुनं छायाचित्र हमखास बाहेर येतं. मे १९३७ मध्ये ते अमेरिकेत उतरताना जळालं. त्यावरच्या ९७ जणांपैकी ६२ जण वाचले होते, हे मात्र फारसं कुणी सांगत नाही. पण त्या फोटोतून शिकण्यासारखं आता काही उरलेलं नाही. अभियंत्याला हवा असतो तो अगदी रुक्ष प्रश्न : नेमकं काय तुटलं, आणि ते किती वेळा तुटतं?

सँडविकाच्या बाबतीत पहिल्या अर्ध्या प्रश्नाचं उत्तर तीन आठवड्यांच्या आत मिळालं. पंप बनवणाऱ्या नेल या नॉर्वेजियन कंपनीनंच ते जाहीर केलं. उच्च दाबाच्या टाकीच्या तोंडाशी एक बूच होतं आणि ते दोन रांगांतल्या बोल्टांनी आवळलेलं होतं. बाहेरच्या रांगेतले बोल्ट नीट कसलेले होते. आतल्या रांगेतले जुळणीच्या वेळीच सैल राहिले होते. त्यामुळे आतल्या सीलमधून थोडा थोडा वायू सुटायला लागला. अशी किरकोळ गळती बाहेर पडावी म्हणून एक बारीक भोक ठेवलेलं असतं. गळती वाढली तसं ते भोक पुरेना. वायूचा दाब बुचाखाली साचला, त्यानं बूच उचललं, बाहेरचं सीलही गेलं आणि हायड्रोजन मोकळा सुटला. पुढे तो पेटला. टाकीच्या धातूत दोष नव्हता, आराखड्यात भयंकर चूक नव्हती. कारखान्यात पाना फिरवणारा हात दोन-चार फेरे कमी फिरला होता. नंतर कंपनीनं जुळणीची पद्धत बदलली : बोल्ट आवळताना दुसरा माणूस साक्षीला हवा, आणि आवळलेल्या प्रत्येक बोल्टावर खूण हवी.

हायड्रोजन यंत्रणांची विश्वासार्हता आणि सुरक्षितता हा आज पीएचडीचा रीतसर विषय आहे. अमेरिकेत मेरीलँड विद्यापीठात, नॉर्वेत ट्रॉन्डहाइमला, उत्तर आयर्लंडमधल्या अल्स्टर विद्यापीठात त्यावर प्रबंध लिहिले जातात. या प्रबंधांत स्फोटांची थरारक वर्णनं शोधायला गेलात तर निराशा होईल. त्यांत असतात असेच बोल्ट, झडपा, सील, होजपाइप, सेन्सर, आणि यातलं काय किती तासांनी दगा देतं याचे तक्ते. मला तेच या विषयाचं आकर्षण वाटतं.

हायड्रोजनचा स्वभाव तक्त्यांच्या आधी समजून घ्यायला हवा. हवेत त्याचं प्रमाण ४ टक्क्यांपासून ७५ टक्क्यांपर्यंत कितीही असलं तरी तो पेट घेऊ शकतो. पाइपातून घरी येणाऱ्या नैसर्गिक वायूतल्या मिथेनची हीच मर्यादा ५ ते १५ टक्के आहे. पेटायला लागणारी ठिणगी मिथेनच्या मानानं सुमारे पंधराव्या हिश्शाची पुरते. नायलॉनचा शर्ट काढताना होणारी चटचटसुद्धा त्याला रग्गड झाली. उघड्या हवेत गळला तर मात्र त्याच्यासारखा सुटसुटीत वायू नाही. तो हवेच्या चौदाव्या हिश्शाइतका हलका असल्यामुळे सरळ वर जातो आणि विरून जातो. स्वयंपाकघरातला एलपीजी जड असतो, जमिनीलगत साचतो, म्हणून गळती झाली की आपण खालची दारं उघडतो. हायड्रोजनच्या खोलीत याच्या उलट, सेन्सर छताला लावायचे आणि वाट वर ठेवायची.

त्याला वास नाही. एलपीजीत मिसळतात तसा उग्र वासाचा पदार्थ यात मिसळता येत नाही, कारण हायड्रोजनपासून वीज करणाऱ्या फ्युएल सेलमधल्या प्लॅटिनमला गंधकाची ही संयुगं विषासारखी बाधतात. दिवसाउजेडी त्याची ज्योतही जवळपास दिसत नाही. नासाच्या रॉकेट केंद्रांवर एके काळी कर्मचारी हायड्रोजनच्या पाइपांजवळून चालताना हातातली केरसुणी पुढे धरत. केरसुणीचं टोक पेटलं की तिथे आग आहे हे कळायचं. माणसाला चंद्रावर पाठवणाऱ्या संस्थेचं हे उपकरण! आता अतिनील आणि अवरक्त किरण टिपणारे डिटेक्टर आलेत. पण तेही बंद पडतात, आणि बंद पडल्याचं कळवतातच असं नाही.

गांगनुंगची गोष्ट सँडविकाहून वेगळी आणि आपल्याकडच्या वाचकानं अधिक लक्षपूर्वक वाचावी अशी आहे. तिथे सौरऊर्जेच्या विजेनं पाण्याचं विघटन करून हायड्रोजन बनवायचा, साठवायचा आणि त्यातून पुन्हा वीज करायची, असा प्रयोग चालला होता. पाण्याचं विघटन करणाऱ्या यंत्रात, म्हणजे इलेक्ट्रोलायझरमध्ये, एका बाजूला हायड्रोजन तयार होतो आणि दुसऱ्या बाजूला ऑक्सिजन. मध्ये पडदा असतो, पण तो शंभर टक्के अभेद्य नसतो. थोडा वायू इकडचा तिकडे झिरपतोच. यंत्र पूर्ण क्षमतेनं चालत असताना हायड्रोजन भरपूर निर्माण होतो, त्यामुळे झिरपलेल्या ऑक्सिजनचं प्रमाण नगण्य राहतं. वीज कमी झाली की हायड्रोजनचं उत्पादन घटतं, झिरपणं मात्र फारसं घटत नाही. साहजिकच टाकीत जाणाऱ्या हायड्रोजनमधला ऑक्सिजनचा टक्का चढत जातो. ऊन कमी-जास्त होणाऱ्या प्रकल्पात हे रोज घडणार. गांगनुंगला यंत्र कमी विजेवर चाललं, ऑक्सिजन काढून टाकणारी व्यवस्था बसवलेली नव्हती, आणि टाकीतला ऑक्सिजन स्फोटाच्या मर्यादेपलीकडे, ६ टक्क्यांच्या वर गेला. पुढे स्थितिक विजेची एक ठिणगी पुरली. इथे बाहेर गळती झालीच नाही. जे पेटलं ते टाकीच्या आत तयार झालं होतं. बाहेर बसवलेल्या गळती-सेन्सरला त्याचा थांगपत्ता लागला नसता.

संरक्षणासाठी बसवलेली वस्तूच कधी कधी संकटाचं मूळ ठरते. मे २०१२ मध्ये कॅलिफोर्नियातल्या एमरीव्हिल इथे, बसगाड्यांच्या हायड्रोजन पंपावर, दाब वाढला तर वायू सोडून देणारी सेफ्टी व्हॉल्व्हच फुटली. दाब वाढलेला नव्हता. सुमारे ३०० किलो हायड्रोजन बाहेर पडून पेटला. कुणाला इजा झाली नाही. सँडिया राष्ट्रीय प्रयोगशाळेनं तपास केला तेव्हा आढळलं की व्हॉल्व्हचा आतला भाग ४४०सी नावाच्या अतिशय कठीण केलेल्या स्टेनलेस स्टीलचा होता, आणि हायड्रोजनसाठी हे पोलाद वापरायचं नसतं, हे त्या क्षेत्रातल्या कुणालाही ठाऊक असायला हवं होतं. हा अपघात टाळता आला असता, असं अहवालात स्पष्ट लिहिलं आहे. त्याआधी, जानेवारी २००७ मध्ये, ओहायो राज्यातल्या मस्किंगम रिव्हर औष्णिक केंद्रात हायड्रोजन उतरवून घेताना टाकीवरची दाबाला फुटणारी चकती वेळेआधीच फुटली. हायड्रोजन घेऊन आलेला ड्रायव्हर गेला, दहा जण जखमी झाले. ही चकतीही संरक्षणासाठीच बसवलेली होती. कुंपणच शेत खातं म्हणतात, ते हेच.

अल्स्टरच्या संशोधकांनी याच धर्तीची एक गोष्ट गणितानं दाखवली आणि ती वाचून मी चकित झालो. मोटारीतल्या हायड्रोजनच्या टाकीला आगीची झळ लागली तर ती फुटू नये म्हणून एक झडप असते. तापमान सुमारे ११० अंशांवर गेलं की ती उघडते आणि सगळा वायू झपाट्यानं बाहेर सोडते. मोकळ्या रस्त्यावर हे ठीक. पण गाडी लहानशा बंद गॅरेजमध्ये असेल, आणि हवेसाठी एखाद्या विटेएवढीच जागा असेल, तर? इतका हलका वायू इतक्या वेगानं आत घुसतो की जड हवेला त्या फटीतून बाहेर पडायला वेळच मिळत नाही. काही क्षणांत आतला दाब भिंती पाडण्याइतका चढू शकतो, तोही हायड्रोजन न पेटता. यावरचा उपाय वरवर उलटा वाटतो : झडपेचं तोंड लहान करायचं, वायू सावकाश सोडायचा. मग टाकी आगीत जास्त वेळ टिकली पाहिजे, म्हणजे तिचं आवरण सुधारायला हवं. एका झडपेचा व्यास ठरवताना टाकी, आग आणि गॅरेज या तिन्हींचा विचार एकत्र करावा लागतो. प्रबंधांची शेकडो पानं अशाच ओढाताणीत खर्ची पडतात.

एमरीव्हिलचं पोलाद का दगावलं याचं मूळ १८७५ सालापर्यंत मागे जातं. विल्यम जॉन्सन नावाच्या इंग्रज संशोधकानं त्या वर्षी लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे एक विलक्षण निरीक्षण मांडलं. लोखंडाची लवचीक तार काही काळ आम्लात बुडवून काढली की ती ठिसूळ होते, वाकवली तर तुटते. तुटलेलं टोक ओलं केलं तर त्यातून बुडबुडे निघतात. तार तशीच काही दिवस ठेवली किंवा तापवली तर ती पुन्हा पहिल्यासारखी होते. आम्लातून आलेला हायड्रोजन धातूत शिरतो आणि पुढे निघूनही जातो, हे त्यानं ओळखलं. हायड्रोजनचा अणू अतिशय लहान; पोलादाच्या स्फटिकांमधून तो वाट काढतो आणि जिथे ताण जास्त, तिथे, म्हणजे बारीक चिरेच्या टोकाशी, गोळा होतो. यात डोकं चक्रावणारी बाब अशी की पोलाद जितकं कठीण आणि मजबूत, तितकं ते हायड्रोजनपुढे लवकर हार खातं. इतर यंत्रांत इंजिनिअर डोळे झाकून ‘जास्त मजबूत’ माल निवडेल. इथे तीच सवय नडते. जॉन्सनच्या त्या निरीक्षणाला दीडशे वर्षं झाली, तरी धातूच्या आत नेमकं काय घडतं यावर संशोधकांत अजून एकमत नाही.

हे सगळे अपघात भाज्य आहेत. भाजक कुठे आहे? एक सेफ्टी व्हॉल्व्ह फुटली. पण किती व्हॉल्व्ह, किती वर्षं, न फुटता चालल्या? ते ठाऊक नसेल तर ‘व्हॉल्व्ह धोकादायक’ आणि ‘व्हॉल्व्ह सुरक्षित’ ही दोन्ही वाक्यं सारखीच पोकळ. अपघाताची बातमी होते, चौकशी होते, अहवाल निघतो. न घडलेल्या अपघाताची नोंद कुणी ठेवायची?

समजा, एखादी झडप १,००० वेळा उघडली-मिटली आणि एकदाही अडकली नाही. बिघाडाची शक्यता शून्य म्हणायची का? संख्याशास्त्र म्हणतं, ९५ टक्के खात्रीनं एवढंच सांगता येईल की बिघाडाचं प्रमाण हजारात तीनपेक्षा जास्त नसावं. दहा लाखांत एक इतकी खात्री हवी असेल, तर तीस लाख वेळा निर्दोष चाचणी घ्यायला हवी. पीएचडीची फेलोशिप पाच वर्षांची असते.

मग संशोधक उसनवारी करतात. उत्तर समुद्रातल्या तेलविहिरींवरची यंत्रं किती वेळा बिघडतात याच्या नोंदी नॉर्वेत १९८० च्या दशकापासून पद्धतशीर ठेवल्या गेल्या आहेत. रासायनिक कारखान्यांची, अणुवीज केंद्रांची आकडेवारीही आहे. ती हायड्रोजनला जशीच्या तशी लागू होत नाही, पण सुरुवात म्हणून चालते. त्या सुरुवातीच्या अंदाजात हायड्रोजनच्या यंत्रणांतून मिळालेली तुटपुंजी माहिती मिसळायची आणि अंदाज सुधारत न्यायचा. ही रीत थॉमस बेझ या इंग्रज धर्मोपदेशकाच्या नावानं ओळखली जाते. त्याचा निबंध त्याच्या मृत्यूनंतर, १७६३ मध्ये छापला गेला. सँडियातल्या संशोधकांनी २००९ मध्ये याच रीतीनं कॉम्प्रेसर, होज, जोड, झडपा, फिल्टर अशा एकेका भागाच्या गळतीचे दर काढले. गळतीच्या आकाराच्या त्यांनी पाच पायऱ्या केल्या : नळीच्या छेदाच्या दहा-हजाराव्या भागाएवढं भोक इथपासून ते नळी पूर्ण तुटली इथपर्यंत. लहान गळत्यांबद्दल बरी माहिती होती. मोठ्यांबद्दल जवळजवळ काहीच नव्हती, आणि माणसं मरतात ती मोठ्या गळतीनं.

हा निव्वळ कागदी खेळ नव्हे. हायड्रोजनच्या टाक्यांपासून शेजारची इमारत, रस्ता, हवा आत घेणारी खिडकी किती लांब हवी, हे यावर ठरतं. अमेरिकेतली आधीची अंतरं बरीचशी जाणत्या मंडळींच्या अंदाजावर बेतलेली होती. नव्या हिशेबात असं धरलं गेलं की गळतीचं भोक नळीच्या छेदाच्या ३ टक्के असेल. पुढे तो आकडा १ टक्क्यावर आला. टक्के दोनच कमी झाले, पण शहरातल्या प्लॉटवर पंप बसतो की नाही, हे तेवढ्यानं बदलतं. सँडियानं ही गणितं मांडायला संगणकाची एक प्रणालीही मोफत खुली केली. तिचं नाव ‘हायरॅम’. तिच्या पोटात घातलेले दर जितके खरे, तितकंच तिचं उत्तर खरं.

म्हणून आताचे प्रबंध नोंदींकडे वळले आहेत. मेरीलँड विद्यापीठात प्राध्यापक कॅट्रीना ग्रोथ यांच्या गटानं, अमेरिकेच्या अक्षय ऊर्जा प्रयोगशाळेला सोबत घेऊन, हायड्रोजनच्या सुट्या भागांच्या बिघाडांची माहिती एकसारख्या साच्यात गोळा करण्याचं काम हाती घेतलं. ऐकायला हे कारकुनी काम वाटतं. पण पंपावरचा मेकॅनिक वहीत ‘गळत होतं, आवळलं’ एवढंच लिहितो. काय गळत होतं? किती? किती तास चालल्यावर? नट सैल होता की सील झिजलं होतं? तीच झडप गेल्या महिन्यातही आवळली होती का? त्या तीन शब्दांतून आकडा काढता येत नाही. शिवाय कंपन्या माहिती द्यायला कचरतात. आपला बिघाड स्पर्धकाच्या हाती का द्यायचा? त्यामुळे नावं गाळून माहिती घ्यावी लागते.

सुरक्षितता आणि विश्वासार्हता या दोन गोष्टी लोक वेगवेगळ्या धरतात, पण पंपावर त्या एकाच यंत्रात राहतात. अमेरिकेतल्या देखभालीच्या नोंदी पाहिल्या तर सर्वांत जास्त खोळंबा करतात ते गाडीत वायू भरणारे डिस्पेन्सर आणि दाब चढवणारे कॉम्प्रेसर. मोटारीच्या टाकीत ७०० बार, म्हणजे वातावरणाच्या सुमारे सातशेपट दाबानं हायड्रोजन भरायचा असतो. भरताना टाकीतला वायू तापतो. त्याची ८५ अंशांची मर्यादा ओलांडू नये म्हणून तो आधी उणे ४० अंशांपर्यंत थंड करतात. एका बाजूला हा गारठा, दुसऱ्या बाजूला प्रचंड दाब, आणि दिवसातून अनेकदा हेच चक्र. सील कडक होतात, होज थकतो. दर वेळी स्फोट होत नाही. बहुतेक वेळा पंप फक्त बंद पडतो. पण पंप सारखा बंद पडू लागला की गाडी घेणारा पाठ फिरवतो. फेब्रुवारी २०२४ मध्ये शेल कंपनीनं कॅलिफोर्नियातले मोटारींसाठीचे आपले हायड्रोजन पंप कायमचे बंद केले आणि त्यामागे पुरवठ्यातल्या अडचणींचाही हवाला दिला.

महाराष्ट्राला हायड्रोजन नवा नाही. मुंबईत शिवडीच्या कारखान्यात १९३२ पासून वनस्पती तूप बनू लागलं, आणि तेलाचं वनस्पती तूप करायचं तर हायड्रोजन लागतोच. चंद्रपूरच्या औष्णिक केंद्रातली मोठी जनित्रं हायड्रोजननंच थंड ठेवतात. जगात दरवर्षी नऊ कोटी टनांहून अधिक हायड्रोजन वापरला जातो, त्यातला बहुतेक तेलशुद्धीकरणात आणि खतांच्या कारखान्यांत. पण तिथे भिंतीच्या आड, शिकलेल्या हातांत, ठरलेल्या गतीनं काम चालतं. बसस्थानकावरच्या पंपाची, घरासमोर उभ्या गाडीची गोष्ट निराळी.

आणि आपण त्या दिशेनं निघालो आहोत. जानेवारी २०२३ मध्ये केंद्रानं १९,७४४ कोटी रुपयांचं राष्ट्रीय हरित हायड्रोजन मिशन मंजूर केलं. २०३० पर्यंत वर्षाला ५० लाख टन हे त्याचं उद्दिष्ट. पुण्यात राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आणि केपीआयटी कंपनी यांनी मिळून बनवलेली हायड्रोजनवरची बस ऑगस्ट २०२२ मध्ये लोकांपुढे आली. देशभरात वायूच्या टाक्यांना आणि पंपांना परवाने देणारी पेट्रोलियम आणि स्फोटक सुरक्षा संस्था, म्हणजे ‘पेसो’, तिचं मुख्यालय नागपूरला आहे. उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जाणारं हे शहर. वायू उणे ४० अंशांपर्यंत गार करणाऱ्या यंत्राला इथे ऑस्लोपेक्षा किती जास्त राबावं लागेल? आणि त्या यंत्राच्या बिघाडाचे जे दर आज हाताशी आहेत ते कॅलिफोर्निया, जर्मनी, जपान, नॉर्वे इथल्या हवेतले आहेत. विदर्भातला मे, कोकणातला खारा दमटपणा आणि रस्त्यावरची धूळ त्यांत नाही. उसन्या आकड्यांवर सुरुवात करायला हरकत नाही, पण किती दिवस?

आपला हरित हायड्रोजन बऱ्याच अंशी सूर्याच्या विजेवर बनायचा आहे. म्हणजे रोज सकाळी आणि रोज संध्याकाळी, आणि पावसाळ्यात दिवसभर केव्हाही, इलेक्ट्रोलायझर अर्ध्या-पाव क्षमतेनं चालणार, तो ढकलून चालवायचा मोह होणार, आणि गांगनुंगला जे झालं त्याची परिस्थिती तयार होणार. वायूतला ऑक्सिजन मोजणारं मीटर आणि ठरावीक टक्क्यावर यंत्र आपोआप बंद करणारी व्यवस्था असेल तर यात भिण्यासारखं काही नाही. प्रश्न त्या मीटरचा आहे : ते किती दिवसांनी चुकीचं दाखवू लागतं, आणि हे कुणी, कसं, किती वारंवार तपासायचं? हा आकडा भारतातल्या प्रकल्पांतूनच मिळू शकतो. सध्याच्या नियमांनुसार अपघात झाला तर त्याची खबर द्यावी लागते. मीटर दोन अंकांनी भरकटलं आणि शिफ्टमधल्या माणसानं ते वेळीच पाहून बदललं, तर ती खबर ठरत नाही. प्रबंध लिहिणाऱ्या एखाद्या मुलीला नेमकी तीच ओळ हवी आहे : तारीख, यंत्राचे चाललेले तास, मीटरनं दाखवलेला आकडा आणि खरा आकडा.